तारण

मोजणीवाला पोरगा दारातच बूट काढून आला,
हे मला आवडलं.
भिंतीवर लाल ठिपका सोडला, यंत्रात बघितलं,
पाचशे चाळीस, म्हणाला, कार्पेट.
माळा धरला नाही.
चौकटीवरच्या पेन्सिलच्या रेघा,
केतकी दुसरी, केतकी पाचवी, केतकी कावीळ उतरल्यावर,
त्याही नाही.
चहा घेतला, साखर कमी सांगून, आणि गेला.

नेरुळ. सिडकोच्या सोडतीत नाव आलं तेव्हा
समोर नुसतं मुरुमाचं मैदान, पाणी दिवसाआड.
अठरा वर्षं हप्ता भरला.
शेवटच्या हप्त्याला यांनी पेढे नाही, सुरमई आणली.
मग सहा वर्षं घर नुसतं घर होतं.
कुणाचं देणं नाही,
जेवून आडव्या झालेल्या माणसासारखं निवांत.

पण यांना कुणी आडवं झालेलं बघवत नाही.
'भिंतीत पैसा पडून आहे आपला.'
मी भिंतीकडे बघितलं.
ओल होती.

गहाण, मी म्हटलं.
तारण, बँकेतली मुलगी म्हणाली,
आणि हसून फॉर्म माझ्याकडे वळवला.
आईच्या पाटल्या गहाण पडायच्या.
तारायचं काम तेव्हा देवाकडे होतं.
सतरा ठिकाणी सही केली.
वाटपपत्र, शेअर सर्टिफिकेट बँकेच्या कपाटात गेलं.
सोसायटीच्या वहीत पाटोळेंनी माझ्या नावापुढं लिहिलं: बोजा.
अक्षर मात्र छान आहे त्यांचं.

उलव्यात चौदावा मजला. एक खोली, हॉल, किचन.
खिडकीत खाडीचा राखाडी तुकडा आणि दोन क्रेन.
हप्ता एकतीस हजार चारशे, भाडं चौदा.
'विमानतळ आहे ना,' हे म्हणतात,
जेवताना, अंघोळीहून आल्यावर,
रात्री दिवा मालवल्यावरसुद्धा.
मी वजाबाकी करते. दर महिन्याला तीच,
जणू एखाद्या वेळी उत्तर वेगळं येईल.

भाडेकरू प्रणोती मडावी, बेलापूरला नर्स.
गडचिरोलीकडची. सोबत धाकटा भाऊ, कॉलेजात.
करार अकरा महिन्यांचा. एजंट घाईत,
अंगठ्याचं यंत्र पुढं करत वाचत होता:
कलम नऊ, भिंतीस खिळा ठोकू नये.
मी नव्हतं घातलं. ते आधीपासूनच असतं.

शहाण्णव साली कोपरखैरण्यात, दहा बाय दहाच्या खोलीत,
आमच्या मालकिणीनं हाच दम दिला होता.
तीन वर्षं कॅलेंडर खिडकीच्या गजाला,
लग्नाचा फोटो पलंगाखाली, साडीत गुंडाळून.
त्या बाईला मी मनात काय काय म्हटलंय!

तिसऱ्या महिन्यात बाथरूमची गळती बघायला गेले.
प्रणोती रात्रपाळीहून नुकतीच आलेली, डोळे लाल.
खुर्ची एकच. ती मला.
घड्याळ फरशीवर, भिंतीला टेकून उभं.
किती वाजले बघायला दोघीही वाकलो.

अकरा महिन्यांनी दहा टक्के वाढवायचे,
हे यांनी डायरीत लिहून ठेवलंय. ते बोलले नाही.
म्हटलं, खिळा ठोक गं एखादा.
'करारात आहे ना, काकू.'
अगं, मी सांगते ना.
ती नुसती हसली.
कागद तिच्याकडे होता,
माझ्याकडे आपलं बोलणं.

पाच तारखेला, सकाळी सहा दहाला फोन वाजला:
चौदा हजार जमा. पाळी संपता संपता पाठवले असणार.
सात तारखेला बँकेनं ते नेले,
आणि वरचे यांच्या पेन्शनमधले.

दुपारी चौकटीच्या रेघांपाशी उगाच उभी राहिले.
शेजारी ओलीनं एक पोपडा सुटलाय,
तिथं केतकीचा नवा फोटो लावावा म्हणत होते,
हातोडी घेतली होती हातात.
ती खाली ठेवली.
बँकेची फाइल काढली, चष्मा पुसला,
आणि सतरा सह्यांच्या वर काय लिहिलंय
ते पहिल्यांदाच वाचायला बसले.